गाडी उभी, कॉक बंद

लातूरच्या औसा रोडवर निवृत्ती मेस्त्रीच्या दुकानाला नाव नव्हतं. पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत एवढंच लिहिलं होतं: गाडी उभी, कॉक बंद. दुकानाचं नाव का नाही लिहिलं असं कुणी विचारलं, की जागा पुरली नाही म्हणायचा. खरं सांगायचं तर स्वतःच्या नावापेक्षा या चार शब्दांवर त्याचा जास्त जीव होता.

ज्यांनी जुन्या गिअरच्या स्कूटरी चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सीटखाली उजव्या अंगाला बोटभर लांबीची एक काळी दांडी असायची. तिला कॉक म्हणत. ती फिरवली की टाकीतलं पेट्रोल खाली कार्बोरेटरमध्ये उतरायचं, उलटी फिरवली की थांबायचं. गाडी उभी करताना कॉक बंद करायचं विसरलात, तर पेट्रोल रात्रभर झिरपत इंजिनात जायचं, प्लग ओला व्हायचा आणि सकाळी इस्त्रीचे कपडे घालून निघालेला माणूस किका मारून मारून घामाघूम व्हायचा. निवृत्ती नव्या गिऱ्हाइकाला आधी हा धडा द्यायचा, मगच गाडीला हात लावायचा. वकील असो की डॉक्टर, दांडीवर स्वतःचं बोट ठेवून दोनदा बंद करून दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. चिडणारे चिडायचे आणि पुढच्या महिन्यात परत त्याच्याकडेच यायचे.

त्याचे वडील दगडोबा रेणापूरकडचे, जनावरांचे जाणते. कुणी आजारी बैल दारात आणून बांधला तर म्हातारा त्याला तसाच माघारी पाठवायचा. बैल काय खातो, कुठं उभा राहतो, कुठल्या कुशीवर बसतो हे त्याच्या गोठ्यातच कळतं, असं त्याचं म्हणणं. मग स्वतः दोन कोस चालत जायचा. निवृत्तीला बैलांची गोडी नव्हती. सोळाव्या वर्षी तो नांदेडला वजिराबादेत एका उस्तादाच्या हाताखाली लागला. उस्तादानं सात वर्षांत त्याला इंजिन शिकवलं, शिव्या शिकवल्या आणि एक सवय लावली: गाडीतून काढलेली जुनी वस्तू कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायची. मालकानं ती रस्त्यात फेकली तरी चालेल, पण त्याच्या हातात गेली पाहिजे.

ही दोन्ही घराणी अंगात घेऊन निवृत्तीनं शहाऐंशी साली किल्लारीला बसथांब्यासमोर दुकान टाकलं. तिथं सात वर्षं त्याचं बरं चाललं. त्र्याण्णवच्या गणपती विसर्जनाला तो बायको-लेकरांना घेऊन वडिलांकडे रेणापूरला गेला होता, म्हणून पहाटेच्या भूकंपातून वाचला. दुसऱ्या दिवशी जमेल तसं परत आला तेव्हा दुकानाच्या जागी दगडमातीचा ढीग होता. त्याच्या गिऱ्हाइकांतली किती माणसं उरली हे त्यानं मोजलं नाही. आपण वाचलो याचं त्याला बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची. पुढं सहा महिन्यांनी त्यानं लातुरात शेड मारलं आणि पहिल्या दिवशी भिंतीवर ते चार शब्द रंगवले.

तोवर लातूरला निराळंच वारं लागलं होतं. बोर्डाच्या मेरिट लिस्टमध्ये लातूरची पोरं चमकायला लागली आणि अख्ख्या मराठवाड्याला वाटलं की आपलंही पोरगं तिकडं टाकलं की डॉक्टर होऊनच निघेल. नांदेड, परभणी, बीडकडून पत्र्याच्या ट्रंका उतरायला लागल्या. गल्लीत तीन घरं तर पाच क्लासचे बोर्ड. घरमालक गच्चीवर खोल्या काढून राहिले, खाणावळवाल्या बाया रातोरात उद्योजिका झाल्या आणि केमिस्ट्रीचे सर रस्त्यानं निघाले की लोक नेत्याला करतात तसा नमस्कार करायचे. पहिली बॅच पहाटे साडेपाचला. सगळ्यांत हुशार पोरं त्या बॅचला आणि ती बॅच ज्याच्याकडे, तो सर मोठा. या सगळ्या सरांना गाड्या लागत होत्या, आणि गाड्यांमागं एक शोरूम आलं, काचेच्या दाराचं, थंडगार हवेचं, कॉम्प्युटरवर बिल काढणारं. निवृत्तीला ते शोरूम डोळ्यांत खुपायचं. तिथं गाडी दिली की प्लग काढतात का नुसता पुसतात हे कुणाला कळतं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. त्यात काळजी किती आणि मत्सर किती, हे त्यानं कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं.

नव्याण्णवच्या ऑगस्टात, एका गुरुवारी दुपारी गणिताचे रामलिंग सर दुकानात आले. वय तिशीच्या आत, लहानपणापासून डावा पाय अधू. सायकल मारणं जमायचं नाही, बंद गाडी ढकलणं तर त्याहून नाही. आल्या आल्या त्यांनी विचारलं,

"मेस्त्री, तुम्ही पूर्वी किल्लारीला होतात ना?"

"हाव. तुम्ही कुण्या गावचे?"

"किल्लारीचाच. मलप्पा माझा थोरला भाऊ. त्याची हिरवी स्कूटर होती."

निवृत्तीला मलप्पा लगेच आठवला. कारखान्यावर कामाला होता. निवृत्तीचा नियम त्याच्याइतका कुणीच पाळला नव्हता. चहाला पाच मिनिटं थांबला तरी खाली हात घालून कॉक बंद करायचा, आणि निवृत्ती त्याचं उदाहरण बाकीच्यांना द्यायचा. गेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव निवृत्तीनं वाचलं होतं. घराखाली सापडला असणार, असंच त्यानं धरलं होतं. त्या गावात वेगळं काही विचारायची वेळच आली नव्हती.

"आईला मी तेव्हाच इकडं आणलं," सर म्हणाले. "आता माझं काम ऐका. नवी गाडी आहे, दहा महिन्यांची. दिवसभर घोड्यासारखी पळते. पहाटे मात्र सुरू होत नाही. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा नक्की. चार वेळा शोरूमला दिली. ते रात्रभर ठेवून घेतात, सकाळी त्यांच्याकडे पहिल्या किकला सुरू होते. घरी आणली की दोन दिवसांत पुन्हा तेच. ते म्हणतात गाडीत दोष नाही. मग काय माझ्यात दोष आहे?"

"कॉक बंद करता?"

"मेस्त्री, मी गणित शिकवतो. भावानं लावलेली सवय आहे, एक दिवस चुकलेली नाही. बायको साक्षीला आहे."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. साडेपाचची बॅच त्यांच्याकडे होती. राहायला खाडगाव रोडच्या टोकाला, क्लास सहा किलोमीटर लांब, त्या वेळेला रिक्षा मिळत नाही. या महिन्यात तीनदा उशीर झाला. पंचेचाळीस पोरं वह्या उघडून बसलेली आणि सरांचा पत्ता नाही. क्लासच्या मालकानं काल बोलावून सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर ही बॅच हैदराबादहून आणलेल्या सरांकडे जाईल. एकदा गेलेली पहिली बॅच परत येत नाही, हे लातुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"तुमच्याकडे गाडी उघडली तर शोरूमची गॅरंटी जाते म्हणे," सर म्हणाले. "जाऊ द्या. शोरूमवाले फसवतात एवढं तुम्ही दाखवून द्या. ट्यूशन एरियातल्या सगळ्या सरांच्या गाड्या तुमच्या दारात आणून उभ्या करतो."

निवृत्तीच्या तोंडाला पाणी सुटलं, नाही असं नाही. पण हात मात्र त्यानं मागंच ठेवला.

"आज गाडीला हात लावत न्हाई सर. आधी शोरूमला जाऊन येतो. मग तुमच्या घरी येतो, परवा पहाटे. जिथं आजारी पडते तिथंच बघाय लागंल. उद्या आन् परवा मी तुम्हाला माझ्या मोपेडवर क्लासला सोडतो. सोमवारपासून तुमची गाडी."

सोमवार म्हणून तर बसला. तो शब्द कशाच्या जोरावर दिला, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी तो शोरूमला गेला. काचेच्या दाराशी चपला काढाव्यात की नाही यात त्याचा मिनिटभर गेला. आत पंचशीला नावाची पंचविशीतली मुलगी लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायची. सरांचं नाव काढताच तिनं एक सुस्कारा सोडला आणि चार कार्डं काढून पुढं ठेवली. प्लग बदलला. कॉइल बदलली. कार्बोरेटर साफ केला. वायरिंग तपासलं. चारही कार्डांवर शेवटी एकच ओळ: सकाळी पहिल्या किकला चालू, दोष आढळला नाही.

"काका, सरांना वाटतं आम्ही काही करतच नाही," ती म्हणाली. "आमच्या मेकॅनिकला वाटतं सर काहीतरी लपवतात. दोघांचं ऐकायला मी आहे."

"राती गाड्या कशा ठेवता?"

"सगळ्यांचे कॉक बंद. आगीचा नियम आहे. घरी जायच्या आधी मी स्वतः फिरून बघते."

"जुना प्लग, जुनी कॉइल कुठं गेली?"

"भंगारात."

निवृत्तीनं मान हलवली. हे त्याला पटण्यासारखं नव्हतं, पण ही चोरीही नव्हती. त्यानं मेकॅनिकचं काम बघितलं, नवी कॉइल कशी बसवली होती ते विचारून घेतलं. काम चोख होतं. चोर सापडला नाही याचं त्याला मनातून वाईटच वाटलं.

"तुमच्यातलं कुणी सरांच्या घरी जाऊन आलं का?"

"तशी पद्धत नाही, काका. गाडी इथं आणायची असते." मग थांबून ती म्हणाली, "तुम्हाला काही सापडलं तर मला सांगा. कार्ड तसंच अर्धवट राहिलंय."

शनिवारी पहाटे साडेचारला निवृत्ती सरांच्या घरी पोचला. विटांचं घर, वर पत्रे. सरांना स्लॅबचं घर परवडत होतं, पण आईनं घेऊ दिलं नव्हतं. स्कूटर पडवीत उभी होती. त्यानं सीटखाली हात घातला. कॉक बंद. सर खोटं बोलत नव्हते. मग त्यानं हात आणखी खाली नेला आणि बोटं ओली झाली. कार्बोरेटरचा डबा भरून पेट्रोल बाहेर सांडलं होतं. प्लग खोलला, तोही ओलाचिंब.

कॉक बंद असताना एवढं पेट्रोल खाली येत नाही. आलं आहे म्हणजे रात्री कुणीतरी कॉक उघडला आणि पुन्हा बंद केला. निवृत्ती तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं बॅटरी लावून दांडी नीट पाहिली. काळ्या दांडीवर पांढरं काहीतरी लागलं होतं. त्यानं बोटावर घेतलं. विभूती होती.

त्यानं मान वर केली. दारात सरांची आई केवळाबाई उभी होती. अंघोळ झालेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. तिनं त्याच्या बोटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"च्या घेतोस का, लेकरा?" ती म्हणाली.

आतून सर बॅग घेऊन बाहेर येत होते, म्हणून निवृत्ती काही बोलला नाही. त्यानं सरांना मोपेडवर क्लासला सोडलं आणि स्कूटर न्यायच्या निमित्तानं सहा वाजता परत आला. सरांची बायको उज्वला लेकीला शाळेसाठी उठवत होती. केवळाबाई पडवीत ज्वारी पाखडत होती. तो तिच्यासमोर खाली बसला.

"मावशी, कॉक तुम्ही उघडता."

"हाव," ती म्हणाली. सूप थांबलं नाही. "समदी निजली की नातीच्या कपाळाला विभूती लावते, मंग गाडीला लावते आन् कॉक उघडते. चार वाजून गेले की बंद करते. ती येळ टळली की मंग काई भ्या न्हाई. कवा कवा आधीच डोळा लागतो, मंग उघडायचं राहून जातं."

ती वेळ म्हणजे कोणती, हे निवृत्तीला विचारायची गरज नव्हती. चारला चार मिनिटं कमी.

"पळायचं झालं तर गाडी लगीच चालू व्हावी मनून?"

"चालू व्हतीच की रे. चालू व्हऊन बंद पडते, त्याचं भ्या हाय."

आता तिनं सूप खाली ठेवलं. मग ती जे बोलली ते सहा वर्षांत कुणाशी बोलली नव्हती.

मलप्पा घराखाली गेला नव्हता. छातीवर तुळई पडली होती, पण बाहेर काढला तेव्हा बोलत होता. हिरवी स्कूटर अंगणात धड उभी होती. शेजारचा नरसिंग तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याला गाडी चालवता यायची, पण त्याच्या घरी गाडी नव्हती. नरसिंग पुढं, मधे मलप्पा, मागून त्याला धरून केवळाबाई, असे ते उमरग्याच्या दवाखान्याकडे निघाले. गाडी एका किकला चालू झाली. ओढ्यापर्यंत गेली आणि बंद पडली.

"नरसिंगानं लई किका मारल्या. पायाची सालटी निघाली त्याच्या. गाडी काई केल्या बोलंना. मलप्पाला तवर शुद्ध न्हवती, न्हाईतर त्यानंच सांगितलं असतं. तासाभरानं जीप आली. तवर त्यो गेला व्हता. माज्या मांडीवर."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"दुपारून कोन तरी परगावचा मानूस आला. गाडी रस्त्यात आडवी व्हती मनून त्यानं खाली हात घालून कायतरी फिरवलं आन् एक किक मारली. झाली चालू. मी बघत व्हते. नरसिंग तितं न्हवता, बरं झालं. मी कुनाला बोलले न्हाई. रामलिंगला बी न्हाई. त्या पोराला कळलं तर जगंल का त्यो? आता दोन लेकरं हायती त्याला."

कॉक बंद असला तरी कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी धावते. ओढ्यापर्यंत धावते. निवृत्तीला हिशेब लगेच कळला आणि कळू नये असं वाटलं.

"तूच शिकवलं व्हतं त्याला, बंद करायचं," केवळाबाई म्हणाली. "लई गुनाचं पोरगं. रोज बंद करायचा. त्या राती बी केला व्हता."

तिच्या आवाजात दोष नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं निवृत्तीला वाटलं. त्यानं शेकडो माणसांची बोटं धरून त्या दांडीवर ठेवली होती. सगळी मालकांची. गाडीच्या घरात आणखी कोण राहतं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. बंद करायचं तेवढं शिकवलं, आणि उघडायला मालक जागेवर असेलच असं धरून चालला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

"नरसिंगाचं माझ्यापाशी राहील, मावशी," तो शेवटी म्हणाला. "पन कॉकाचं सरांना सांगावं लागंल. त्यांची बॅच जायची यळ आलीय."

"सांग. आई भूकंपाला भेते मनून सांग. ते काई खोटं न्हाई."

दुकानात त्यानं कार्बोरेटर खोलला. डबा भरला की पेट्रोल अडवणारी आतली सुई कचरा बसून झिजली होती, ती बदलली आणि जुनी कागदात गुंडाळून ठेवली. टाकी धुतली. दुपारी सर आले.

"सापडलं?"

निवृत्तीनं सुई त्यांच्या हातात दिली आणि सांगण्याजोगं तेवढं सांगितलं. सर आधी हसले. मग हसणं ओसरलं आणि ते स्टुलावर बसले.

"आईनं मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं का?"

सरांनी सुई बोटांत फिरवली. मग म्हणाले, "पण ही सुई शोरूमवाल्यांनी बघायला नको होती? चार वेळा गाडी दिली."

इथं निवृत्तीनं नुसती मान डोलावली असती तरी ट्यूशन एरियातल्या सगळ्या गाड्या त्याच्या दारात आल्या असत्या. ते त्याला दिसत होतं.

"सुई तवा साफ केली व्हती त्यांनी, कचरा नंतर बसला. तितं कॉक राती बंद राहतो मनून तितं गाडी चालू व्हती. त्यांचं काम मी बघून आलो, चांगलं हाय. फुकट सर्व्हिशी हायती तवर तितंच न्या. फक्त जुना माल मागून घेत जा."

सरांनी त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं. मग गणिताच्या माणसाला सुचावं तेच त्यांना सुचलं.

"या कॉकला बारकं कुलूप लावता येईल का?"

"न्हाई." निवृत्तीचा आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला. "कुलूप लावायचं न्हाई. उद्या दुपारी समदी घरी राहा. मी येतो."

संध्याकाळी तो शोरूमला जाऊन पंचशीलाला सांगून आला. तिनं पेन हातात धरून बराच विचार केला आणि कार्डावर लिहिलं: घरी जाऊन पाहिले. पुढं काय लिहावं हे तिला सुचलं नाही, आणि निवृत्तीनंही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी सरांच्या पडवीत शाळा भरली. निवृत्तीनं उज्वलाला खाली बसवलं, तिचं बोट दांडीवर ठेवलं आणि उघड-बंद करायला लावलं. मग डोळे मिटून. मग गाडीच्या दुसऱ्या बाजूनं, अंधारात कुठूनही हात घालावा लागेल म्हणून. गाडी थोडी जाऊन बंद पडली तर सगळ्यांत आधी काय बघायचं, हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग सात वर्षांच्या मनस्विनीची पाळी. तिला हा खेळ इतका आवडला की ती उठायलाच तयार होईना. कुंपणाला टेकलेले शेजारी हसायला लागले, तर निवृत्तीनं त्यांनाही आत बोलावलं. दोघांनी लाजत लाजत बोटं लावली. सर बाजूला उभे राहून बघत होते. आईकडे बघायचं मात्र टाळत होते.

शेवटी केवळाबाई स्वतःच पुढं आली. डोळे मिटले, खाली वाकली आणि एका दमात कॉक उघडून बंद केला. हात चाचपडला नाही. सरावाचा हात होता.

"आता घरातलं कुनीबी उघडंल, मावशी," निवृत्ती म्हणाला. "आज राती बंदच राहू द्या."

ती पदरानं बोट पुसत आत गेली.

त्या संध्याकाळी निवृत्तीनं लाल रंगाचा डबा उघडला. भिंतीवर जागा पुरत नाही असं वर्षानुवर्षं सांगितलेल्या त्याच भिंतीवर, जुन्या ओळीखाली त्यानं दुसरी ओळ रंगवली: उघडायचा कसा, ते घरात सगळ्यांना दाखवा. अक्षरं बारीक झाली, शेवटचं तर कोपऱ्यात चेंगरलं. पण बसलं.

सोमवारी पहाटे पावणेपाचला तो खाडगाव रोडला होता. बोलावलं कुणी नव्हतं, पण शब्द दिला होता, आणि रात्री त्याला झोप आली नव्हती. नवी सुई असली तरी रात्रभर उघड्या कॉकचा भरवसा देता येत नव्हता. पडवीतला दिवा लागला. सर बॅग अडकवून बाहेर आले. निवृत्तीला कोपऱ्यावर बघून त्यांनी नुसता हात केला. त्यांनी खाली वाकून कॉक उघडला, चोक ओढला आणि उजवा पाय किकवर ठेवला. पहिल्या किकला गाडी नुसती खोकली. दुसऱ्या किकला चालू झाली. सर गिअर टाकून निघाले आणि वळणापर्यंत गाडीचा आवाज कुठंही अडखळला नाही. त्यांची बॅच राहिली.

केवळाबाई दारात उभी होती. निवृत्ती पडवीपर्यंत आला.

"तीन येळा उठले राती," ती म्हणाली. "हात लावला, पन उघडला न्हाई. विभूती तेवढी गाडीच्या दिव्याला लावली."

"बरं केलं, मावशी."

ती गाडी गेली त्या रस्त्याकडे बघत राहिली. मग तशीच, त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"काल दावलंस ते तवाच दावायचं व्हतंस, लेकरा. मला न्हाईतर त्या नरसिंगाला."

"हाव, मावशी," निवृत्ती म्हणाला.

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. पडवीत, गाडी उभी होती त्या जागेशेजारी बसून, त्यानं तो प्यायला.